पिशवी उघडून बघायला शिकवा

ज्येष्ठांना औषधं नीट घेता यावीत म्हणून आशाताई आणि परिचारिकांना प्रशिक्षण द्यावं, हे लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. माझी आई ७८ वर्षांची. दवाखाना बदलल्यावर दोन महिने ती बीपीची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी घेत होती. दोन्ही पाकिटांवर बारीक अक्षरात अ‍ॅम्लोडिपिनच! पाय सुजले, एकदा चक्कर येऊन मोरीत पडली. "गोळ्या घेता ना आजी?" असं सगळे विचारायचे, ती "हो" म्हणायची. खोटं कुठे होतं ते?

म्हणून आधी हे शिकवा: औषधांची पिशवी पलंगावर रिकामी करायची आणि म्हणायचं, "सकाळी यातली कुठली, कशी घेता, दाखवा बरं." थायरॉइडची गोळी चहासोबत जातेय का, कॅल्शियम तिच्या मागोमाग घेतलं जातंय का, ते तिथेच कळतं. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली तर जिवावर बेततं. गोळी बंद करायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं, ताईंनी त्यांना कळवायचं. आणि या जादा कामाचा मोबदला आशाताईंना वेळेवर मिळालाच पाहिजे.