मत टाकलं की संपलं?

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज आला. "सुधारणा वरून होतात. मोर्चे, धरणी हा रिकामटेकड्यांचा उद्योग. अडाण्यांना कायद्यातलं काय कळतं? मत द्या आणि पाच वर्षं आपलं काम बघा." खाली अंगठ्यांची रांग.

सुधारणा वरून होतात? माहितीचा अधिकार २००५ साली संसदेने दिला, हे खरंच. पण तो आधी मागितला राजस्थानातल्या मजुरांनी. सरकारी कामांवर राबूनही पुरती मजुरी हातात पडत नव्हती, म्हणून हजेरीपटावर काय लिहिलंय ते दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेऊन तेच कागद गावासमोर वाचले. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं धरलं. त्या रिकामटेकड्यांच्या कायद्याखाली, मेसेज टाकणाऱ्या काकांनीच मागे आपल्या रस्त्याच्या डांबरीकरणाचा हिशोब मागवला होता. असो.

आता 'अडाणी'. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. तिथे बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरतं. एकाला जरी पटलं नाही तरी चर्चा पुढच्या बैठकीत. २००६ चा वनहक्क कायदा त्यांनी अभ्यासगटात बसून वाचला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबू विकायला गेले तर वनखातं वाहतूक परवाना देईना. खात्याच्या लेखी बांबू म्हणजे झाड, कारण १९२७ च्या वन कायद्यात तसं होतं. गावाने नव्या कायद्यावर बोट ठेवलं: त्यात बांबू चक्क गौण वनोपजात, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणाऱ्या जंगलातल्या मालात, लिहिलाय! शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. कायदा कोणाला जास्त कळला होता, गावाला की खात्याला?

'मत द्या आणि गप्प बसा' याचं उत्तरही यातच आहे. कायदा होऊन चार वर्षं उलटली होती. गाव गप्प बसलं असतं तर परवाना खात्याच्या कपाटातच राहिला असता.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, तेही सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एवढी मजल एकट्या गावाला मारता आली नसती. त्याला वरचा हात लागलाच. फक्त तारखा बघा. ठराव ४ मेचा, परिपत्रक त्यानंतरचं.