‘सिंक कर’ म्हटलं की डेटा ताजा?

डेटाच्या कामात असणाऱ्यांमध्ये सध्या एक दावा जोरात फिरतोय. एअरबाइट किंवा फाइव्हट्रॅन ही सोर्समधला (मूळ ठिकाणचा) डेटा वेअरहाउसमध्ये (विश्लेषणासाठीच्या कोठारात) आणणारी साधनं; हे आणणं म्हणजे सिंक. त्यांना एमसीपीवरून (एआयला बाहेरची साधनं जोडण्याची ठरलेली पद्धत) एआय एजंट जोडा आणि चॅटमध्ये ‘सिंक कर’ म्हणा, डेटा ताजा. शेड्यूल नको. कितीदा चालवलं तरी बिघडत नाही, जादा खर्च नाही, आणि काही धोक्याचं असेल तर एजंट आधी विचारतोच. एकेक मुद्दा घेऊ.

‘म्हटलं की डेटा ताजा.’ एजंट टूल कॉल करतो, म्हणजे सिंक सुरू करायला सांगतो, तेव्हा एअरबाइटकडून परत येतो जॉबचा (त्या कामाचा) नंबर आणि ‘पेंडिंग’ किंवा ‘रनिंग’ असं स्टेटस. डेटा यायचाच असतो. जॉब पाच मिनिटांत संपेल, दोन तास घेईल, नाहीतर मध्येच फेल होईल. ते कळायला स्टेटस पुन्हा विचारावं लागतं. पण नंबर हातात पडला की ‘सिंक यशस्वीरीत्या पूर्ण झालं आहे’ म्हणून मोकळा होणारा एजंट काही दुर्मिळ नाही. समजा, जॉब खरंच यशस्वी झाला. तरी तुमचा डॅशबोर्ड डीबीटीने (वेअरहाउसमधल्या कच्च्या डेटावरून तयार टेबलं बनवणारं साधन) बनवलेल्या टेबलवर असेल, तर ते टेबल बनवणारी मॉडेल्स चालेपर्यंत आकडा कालचाच. शिवाय ‘अपडेटेड ॲट’ कॉलम बघून चालणाऱ्या इन्क्रिमेंटल (फक्त नव्या-बदललेल्या ओळी आणणाऱ्या) सिंकला डिलीट झालेल्या ओळी दिसतच नाहीत. सोर्समधून काढून टाकलेली ऑर्डर वेअरहाउसमध्ये सुखाने नांदत राहते, मग तुम्ही दिवसभर ‘सिंक कर, सिंक कर’ म्हणत बसा.

‘कितीदा चालवलं तरी बिघडत नाही.’ हे सिंक मोडवर ठरतं. ओव्हरराइट (जुनं पुसून नवं) किंवा डीडुप (दुबार ओळी गाळणं) असेल तर ठीक. ‘फुल रिफ्रेश अपेंड’ असेल तर दर वेळी अख्खं टेबल पुन्हा खाली चिकटतं आणि विक्रीची बेरीज दुप्पट. इथे एजंटची एक खोड आड येते: टूल कॉल टाइमआउट झाला की तो स्वतःहून पुन्हा प्रयत्न करतो, पहिला जॉब मागे चालू असो वा संपलेला. त्याच कनेक्शनचा सिंक चालू असेल तर एअरबाइट दुसरा नाकारतं, ते बरं आहे. फाइव्हट्रॅनमध्ये मात्र ‘फोर्स’ नावाचा पर्याय आहे. तो ट्रू दिला की चालू सिंक थांबतो आणि नव्याने सुरू होतो. डिफॉल्ट फॉल्स आहे, पण मदतीला उतावीळ एजंटला तो पॅरामीटर दिसला की संपलंच.

‘शेड्यूल नको.’ या दाव्यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. सोर्स पोस्टग्रेस डेटाबेस असेल आणि सीडीसी (डेटाबेसच्या नोंदवहीतून बदल वाचायची पद्धत) चालू असेल, तर डेटाबेसवर एक रेप्लिकेशन स्लॉट असतो, म्हणजे कुठवर वाचून झालं याची खूण. सिंकने बदल वाचल्याची पोच दिली नाही तोवर पोस्टग्रेस त्या बदलांच्या नोंदींच्या फाइली (वॉल) पुसत नाही. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस कोणी चॅटमध्ये फिरकलं नाही, तर फाइली साचत जातात. त्याही वेअरहाउसमध्ये नाही, ज्यावर धंदा चालतो त्या प्रॉडक्शन डेटाबेसच्या डिस्कवर. आवृत्ती 13 पासून ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ’ने मर्यादा घालता येते, डिफॉल्ट उणे एक, म्हणजे मर्यादा नाही. मर्यादा घातली आणि ती ओलांडली, तर स्लॉट बाद होतो आणि सगळा स्नॅपशॉट (डेटाची पूर्ण प्रत) पहिल्यापासून घ्यावा लागतो. ठरल्या वेळी कोणी न सांगता चालणं ही इथे गरज आहे. हाताने चालवणं हे त्यावरचं जादा, बदली नव्हे.

‘जादा खर्च नाही.’ अर्धं खरं. फाइव्हट्रॅन महिन्याच्या ॲक्टिव्ह ओळी मोजतं, त्यामुळे तीच ओळ महिन्यात दहादा सिंक झाली तरी एकदाच धरली जाते. पण डेटा स्नोफ्लेक या क्लाउड सेवेत जात असेल, तर तिथलं झोपलेलं ‘वेअरहाउस’ (तिथे हा शब्द काम करणाऱ्या यंत्रणेसाठी) दर वेळी जागं झालं की किमान 60 सेकंदांचं बिल लागतं. आणि सोर्स सेल्सफोर्स (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी सेवा) असेल तर 24 तासांचा एपीआय कोटा, म्हणजे किती विनंत्या पाठवता येतील ती मर्यादा, सगळ्यांचा सामायिक असतो. तुमच्या हौशी सिंकपायी दुसऱ्याच टीमचं इंटिग्रेशन अडतं.

‘एजंट आधी विचारतोच.’ नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या एमसीपीमध्ये आज टूलला ‘डिस्ट्रक्टिव्ह’ अशी खूण लावता येते खरी, पण ती निव्वळ सूचना. सर्व्हर भरवशाचा नसेल तर या खुणांवर विसंबू नका, हे स्पेसिफिकेशनच सांगतं. आता एअरबाइटचा जॉब सुरू करणारा कॉल बघा. कनेक्शन आयडी आणि ‘जॉब टाइप’. तिथे ‘सिंक’ लिहिलं की डेटा येतो, ‘रीसेट’ लिहिलं की डेस्टिनेशनमधला (म्हणजे वेअरहाउसमधला) साफ होतो. पत्ता तोच, फरक एका शब्दाचा. दोन्ही एकाच टूलमध्ये कोंबले असतील तर परवानगीच्या चौकटीत वर ‘रन जॉब’ आणि खाली जेसनची (कॉलच्या कच्च्या तपशिलाची) एक ओळ दिसते. ज्याने आधीच ‘नेहमी परवानगी द्या’ दाबलंय, त्याला तेवढंही दिसत नाही.

एजंटला सिंक द्यायचाच असेल, आणि फेल झालेल्या जॉबचा लॉग वाचून दुरुस्तीनंतर पुन्हा चालवायला तो खरंच कामाचा आहे, तर टूल अरुंद लिहा. जॉब टाइप कोडमध्येच ‘सिंक’ म्हणून बांधलेला, कनेक्शनची यादी ठरलेली, ‘फोर्स’ पॅरामीटर मुळात नाहीच, आणि जॉब संपेपर्यंत उत्तरात ‘पूर्ण’ हा शब्द येणार नाही अशी सोय.