पाटलांचा पंजू

हॅरी पॉटरच्या आठव्या भागावरून आमच्या घरात 2016 साली सुरू झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. एका बाजूला पुणे, मिरज आणि ठाण्याचे नातेवाईक. दुसऱ्या बाजूला लंडनच्या हॅरोमध्ये राहणारे आम्ही तिघं.

ज्यांचा पॉटर या जादूगार पोराशी संबंध सातव्या पुस्तकाबरोबर 2007 साली संपला, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नऊ वर्षांनी 'हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड' आलं ते नाटक म्हणून. कथा मूळ पुस्तकांच्या लेखिका जे. के. रोलिंग, जॉन टिफनी आणि जॅक थॉर्न या तिघांची, संहिता थॉर्न यांची. 30 जुलैला लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये नाटकाचं रीतसर उद्घाटन झालं आणि त्याच मध्यरात्री, म्हणजे हॅरीच्या वाढदिवसाला, छापील संहिता दुकानांत आली. ब्रिटनमध्ये तीन दिवसांत 6 लाख 80 हजारांच्या आसपास प्रती गेल्या. जाहिरात होती 'आठवी गोष्ट' अशी. कादंबरी समजून विकत घेतलेल्या कित्येकांना पान उघडल्यावर कळलं की हातात आलेत ते नुसते संवाद.

घरच्यांचा निकाल आठवड्याभरात लागला. पुण्याच्या मावसभावाने पुस्तक एका रविवारी संपवलं आणि रात्री फोन केला. "ताई, मालिकेत पाणी घालतात तसं घातलंय गं." त्याचे मुद्दे बिनतोड होते. तिसऱ्या पुस्तकात टाइम-टर्नरचा, म्हणजे काळात मागे नेणाऱ्या यंत्राचा, नियम असा की मागे गेलात तरी जे घडलं तेच घडतं, तुमचा हात त्यात आधीपासूनच असतो. पाचव्यात तर जादूगारांच्या मंत्रालयातला टाइम-टर्नरचा सगळा साठा फुटून जातो. इथे मात्र हॅरीचा मुलगा आल्बस आणि हॅरीचा जुना वैरी मॅलफॉय याचा मुलगा स्कॉर्पियस एक टाइम-टर्नर घेऊन चौथ्या पुस्तकातल्या जादूच्या स्पर्धेत मेलेल्या सेड्रिक डिगरीला वाचवायला निघतात आणि दर खेपेला वेगळंच जग घेऊन परत येतात. एका जगात तर स्पर्धेत फजिती झाली म्हणून सेड्रिक खलनायक वोल्डेमॉर्टच्या टोळीत जातो. भाऊ त्यावर जो उखडला! "चारचौघांत हसं झालं म्हणून माणूस खुनी होत असेल, तर आमच्या कॉलेजातली निम्मी पोरं आज येरवड्यात असती." नाटकात निघालेल्या वोल्डेमॉर्टच्या मुलीबद्दल तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यातलं सगळं मला मान्य आहे. पण आम्ही ते नाटक पाहिलं होतं, त्याने नव्हतं. दुपारी पहिला भाग, मधे बाहेर येऊन खाणं आणि रात्री दुसरा भाग, असा अख्खा दिवस. बाहेर पडताना हातात एक बिल्ला देतात, 'गुपित राखा' असा. वेळ मागे फिरते तेव्हा समोरचा सगळा रंगमंच पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखा थरथरतो. एक माणूस टेलिफोनच्या डब्यात वरून ओढला जातो आणि दिसेनासा होतो. माणसाचा आनंद शोषून घेणारे डिमेंटर प्रेक्षकांच्या अंगावर येतात तेव्हा माझ्या शेजारच्या गोऱ्या आजीबाईंनी माझा दंड धरला आणि मध्यंतरापर्यंत सोडला नाही. अशा वेळी टाइम-टर्नरचा नियम कुणाला आठवतो? 2017 ला ऑलिव्हिए या ब्रिटिश नाट्यपुरस्कारांत या नाटकाने विक्रमी नऊ पटकावले, ते काही कथानकाच्या तर्कासाठी नव्हेत.

नाटक वाचायचं कसं हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. पुस्तकाच्या दुकानात आपल्याकडे नाटकांचा वेगळा कप्पा असतो, आणि हा भाऊ स्वतः पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी करून मोठा झालेला. पण आपण बहुधा पाहिलेलं नाटक वाचतो, निदान पाहता येईल असं. मिरजेच्या वाचकाला हे नाटक बघायचं तर व्हिसापासून सुरुवात. त्याच्या वाट्याला रंगसूचना आल्या आणि आमच्या वाट्याला प्रयोग. त्यामुळे भावाला नाटक आवडलं नाही याचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते पंजूचं.

पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी मालिकेत पहिल्या पुस्तकापासून आहेत. मी माहेरची पाटील, सांगलीकडची. त्यामुळे हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या पटावर आपलं आडनाव बघून विशीतल्या मला काय वाटलं ते सांगायला नको. पुस्तकांत त्यांच्या वाट्याला फार काही येत नाही. चौथ्यात नाचाच्या कार्यक्रमाला हॅरी आणि त्याचा मित्र रॉन त्यांना घेऊन जातात आणि संध्याकाळभर ढुंकून बघत नाहीत. सिनेमात त्यांना लेहंगे नेसवले. (पाटलांच्या पोरी आणि लेहंगे! पण ते जाऊ दे.) तरी होत्या. वर्गात होत्या, लढाईत होत्या.

आठव्या भागात आल्बस आणि स्कॉर्पियस पहिल्यांदा काळात ढवळाढवळ करून परततात, तेव्हा दिसतं की रॉनचं लग्न दोघांच्या मैत्रिणीशी, हर्मायनीशी, झालेलंच नाही, पद्मा पाटीलशी झालंय. त्यांना एक मुलगा आहे. त्याचं नाव पंजू.

पंजू. पाटलांच्या घरात, किंवा कुणाच्याही घरात, हे नाव मी ऐकलेलं नाही. इंग्रज बापाचा मुलगा आहे म्हणावं, तर इंग्रजांतही नाही. हजारो हातांतून गेलेल्या संहितेत एका पात्राला नाव देताना कुणी दहा मिनिटं काढून एखाद्या भारतीय सहकाऱ्याला विचारलं नाही, असंच दिसतं. शिवाय तो नुसत्या उल्लेखापुरता. त्याहून बोचलं ते हे की नाटकात पद्माचा संसार ही काळ बिघडल्याची खूण आहे. रॉन आणि पद्मा एकत्र दिसले की प्रेक्षकाने समजायचं, घोटाळा झाला. मग पोरं घोटाळा निस्तरतात आणि पंजू जन्मलाच नाही असं होतं.

हे मी भावाला सांगितलं तर तो खो खो हसला. त्यांच्या मित्रमंडळात आठवडाभर 'पंजू' चाललं होतं, चहा आणणाऱ्याला सुद्धा. "ताई, तू फार मनावर घेतेस. आपल्याकडे काय पाटलांचा तोटा आहे?" त्याचं तरी काय चुकलं? तो राहतो तिथे सरपंच पाटील, डॉक्टर पाटील, वरच्या मजल्यावर भांडणारे पाटील. गोष्टीतल्या एका पाटलाचं वाटोळं झालं तर बाकीचे आहेतच. इथे माझ्या मुलीच्या वर्गात, तिने वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांत आणि त्यांवरच्या सिनेमांत मिळून पाटील दोनच. त्यातल्या एकीच्या पोराचं हे असं.

पण त्याचा एक युक्तिवाद मी मान्य करणार नाही, तो म्हणजे हे सगळं परदेशस्थांचं लाडावलेलं रडगाणं आहे हा. हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर कामवाली बाई, ही तक्रार मी याच भावाच्या, याच्या वडिलांच्या आणि आमच्या सगळ्या खानदानाच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलेय. त्या बाईचं नाव ठरलेलं, साडी ठरलेली, 'क्या साब' म्हणायची ढबही ठरलेली. तेव्हा कुणी म्हणत नाही की महाराष्ट्रात कोट्यवधी मराठी माणसं आहेत, एका सिनेमाने काय बिघडतं. मुंबईत जे खटकतं तेच लंडनमध्ये खटकलं तर ते रडगाणं कसं?

मुलगी आठ वर्षांची असताना मार्चच्या पहिल्या गुरुवारी, वर्ल्ड बुक डेला, पद्मा पाटील होऊन शाळेत गेली. त्या दिवशी इथे पोरं आवडत्या पात्राचा वेश करून जातात. निळी टाय, मफलर, कांडी म्हणून जेवणाची चॉपस्टिक. वर्गात चार हर्मायनी होत्या. दाराशीच एकीने विचारलं, "तू कोण?" हिने सांगितलं. "ती कोण?" हिने पुन्हा सांगितलं. शाळेत हिच्या मृण्मयीचं 'मिन' झालेलं आहे, आणि तेही पहिल्याच आठवड्यात बाईंनी प्रेमाने विचारून ठरवलेलं, "सोपं काही आहे का?" असं. त्या बाई चांगल्या आहेत. पण उच्चारायला सोपं म्हणून दुसऱ्याने ठरवलेलं नाव घेऊन जगणं काय असतं हे या घराला माहीत आहे, म्हणून पंजूवर आम्हाला हसू येत नाही.

इथे सगळंच आलबेल आहे असंही नाही आणि घरी सगळेच बेफिकीर आहेत असंही नाही. डिसेंबर 2015 मध्ये हर्मायनीच्या भूमिकेसाठी नोमा दुमेझ्वेनी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची निवड जाहीर झाली तेव्हा इंग्रज चाहत्यांतल्या अनेकांनी थयथयाट केला. पुस्तकात गोरी कातडी कुठे लिहिलेली नाही, असं रोलिंगबाईंना स्वतः जाहीर सांगावं लागलं. ठाण्याच्या काकूही म्हणाल्या, "छे, हर्मायनी गोरीच हवी." काकूंनी फक्त सिनेमे पाहिलेत. उलट भावाने त्या वेळी माझ्याआधी त्यांना फोनवर झापलं होतं, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

आता सातही पुस्तकांवर एचबीओची नवी मालिका येतेय. आठवा भाग त्यात नाही, म्हणजे पंजूची कटकट नाही. भावाने आत्तापासून टाइम-टर्नरवर पाळत ठेवलीय. माझी मागणी त्याहून लहान आहे. हॉगवर्ट्सची पोरं चार गटांत वाटलेली असतात, त्यांना तिथे 'घर' म्हणतात. पुस्तकांत पद्मा निळ्या टायच्या रेव्हनक्लॉची, पार्वती ग्रिफिंडॉरची, आणि सिनेमावाल्यांनी दोघींना ग्रिफिंडॉरमध्ये कोंबलं होतं. या वेळी पद्माला तिच्या घरात राहू द्या. निळी टाय आमच्याकडे तयार आहे.