साहेबाच्या पोराची पहिली भाषा

जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचा अर्धपुतळा आहे. वडील इथे शिकवायला होते, मुलगा १८६५ साली याच आवारात जन्मला. दुपारी आया आणि मीता नावाचा नोकर त्याला गोष्टी सांगायचे, गाणी म्हणायचे. मग कपडे घालून जेवणाच्या खोलीत पाठवताना बजावायचे, आता आईबाबांशी इंग्रजीत बोलायचं हं. आणि ते पोर, इथल्या बोलीत विचार करणारं, स्वप्नंही त्याच बोलीत पाहणारं, अडखळत मनातल्या मनात भाषांतर करत बोलायचं. हे त्यानेच उतारवयात लिहून ठेवलंय. मला ते वाचून गलबलून आलं.

मुंबईतल्या इंग्रजांबद्दल आपण इमारतींवरून बोलतो. १७१८ साली उघडलेलं सेंट थॉमस चर्च, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडलं. भायखळा क्लब, बॉम्बे जिमखाना. १९३३ साली भारतातली पहिली कसोटी याच जिमखान्याच्या मैदानावर झाली, तेव्हा आपल्या माणसाला तिथलं सभासदत्व मात्र मिळत नव्हतं! पण खरं कुंपण क्लबाभोवती नव्हतं, घरात होतं. मुलं पाच-सात वर्षांची झाली की बोटीत बसवून विलायतेला धाडायची. हवा मानवत नाही, हे कारण खोटं नव्हतंच. दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य, अशी म्हण त्यांच्यात सतराव्या शतकापासून होती. पण तितकीच धास्ती पोराच्या उच्चारांची होती. इथल्या वळणाच्या इंग्रजीला ते 'ची-ची' म्हणून हिणवत. आपलं मूल तसं बोलायला लागलं तर इंग्रज कसं राहणार?

मला हे क्रूर वाटतं. पोटच्या पोराच्या जिभेची भीती वाटावी, इतकी कसली ती ओळख जपायची? आणि रागही येतो, कारण परवा आमच्याच लिफ्टमध्ये एक मराठी आई 'आई, मुंगळा बघ' म्हणणाऱ्या लेकीला दटावत होती, 'इंग्लिशमध्ये सांग.'

किपलिंग सहाव्या वर्षात होता, बहीण तीन वर्षांची. १८७१ साली दोघांना इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवून आईवडील परत आले. पुढे १८८२ साली, सतरा पूर्ण व्हायच्या आत, तो पुन्हा मुंबईच्या धक्क्यावर उतरला. ओळखीचे वास आले, ओळखीची दृश्यं दिसली, आणि त्याच्या तोंडून आपोआप इथल्या बोलीतली वाक्यं बाहेर पडू लागली. अर्थ मात्र त्याला एकाचाही कळत नव्हता.