मोठं भांडं का पुरत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: डीएनए आणि पीईआय (पॉलिइथिलीनइमाइन, डीएनए पेशीत नेण्यासाठी वापरतात तो पॉलिमर) पिपेटने मिसळून व्हॉर्टेक्सवर (नळी गरगर हलवणाऱ्या यंत्रावर) धरलं की शंभरेक नॅनोमीटरचे कण मिळतातच, मग उत्पादनासाठी मोठं भांडं आणि दणकट स्टिरर घ्यावा, दोन धारा समोरासमोर आदळवून मिसळणाऱ्या जेट मिक्सरची हौस कशाला?

अर्ध्या मिलीपुरतं तुमचं बरोबर आहे. पण ऋणभारित डीएनए आणि धनभारित पीईआय भेटताच मिलिसेकंदांत गुंततात, तर मोठं भांडं एकजीव व्हायला काही सेकंद जातात. तेवढ्यात थेंब पडतो तिथे पीईआय जास्त, लांब कमी, आणि मधे कुठेतरी भार शून्याजवळ. तिथले कण एकमेकांना लोटत नाहीत, गुठळ्या होतात. शिवाय डीएनएत पीईआय ओतत गेलात तर अख्खं भांडंच त्या शून्यातून जातं. स्टिरर कितीही जोरात फिरवा, हे टळत नाही.

जेट मिक्सरमध्ये गुणोत्तर पहिल्या क्षणापासून ठरलेलं असतं. प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट प्रूडोम यांच्या गटाने समोरासमोर आदळणाऱ्या धारांनी पॉलिमरचे कण पाडले. जॉन्स हॉपकिन्सच्या हाय-क्वान माओ यांच्या गटाने तीच रीत भारित रेणूंच्या जोडणीला लावली. अर्ध्या मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला २० मिली सोडलं तर धारेचा वेग सेकंदाला सुमारे १.७ मीटर होतो. दोन्ही धारा मिळून तासाला २.४ लिटर. डीएनएची धार २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली असेल तर तासाला २४० मिलिग्रॅम डीएनए. जास्त हवं तर पंप जास्त वेळ चालवा, धारा आदळतात ती कोठडी तीच.

आता पीईआय किती? एक मायक्रोग्रॅम डीएनएत फॉस्फेट सुमारे ३ नॅनोमोल. एन/पी (पीईआयमधले नायट्रोजन भागिले डीएनएमधले फॉस्फेट) ५ साठी नायट्रोजन १५ नॅनोमोल, म्हणजे लिनियर (सरळ साखळीचं) पीईआय ०.६५ मायक्रोग्रॅम, समोरची धार १३० मायक्रोग्रॅम प्रति मिली. बाटलीवर हायड्रोक्लोराइड (पीईआयचं क्षाररूप) लिहिलेलं असेल तर दर नायट्रोजनामागे वजन ४३ ऐवजी सुमारे ८० ग्रॅम प्रति मोल धरा. इथे चूक झाली की एन/पी जवळजवळ निम्मा होतो आणि दोष मात्र मिक्सरच्या माथी बसतो.

पंपाची धार एकसारखी राहील का, ही तुमची शंका मात्र रास्त आहे. पेरिस्टाल्टिक (नळी दाबत द्रव पुढे ढकलणाऱ्या) पंपाची धार ठोके देत येते, त्यामुळे गुणोत्तर हलतं. सारख्या मापाच्या सिरिंज एकाच पंपावर लावा, नळ्यांतली हवा आधी काढा, दोन्ही धारा स्थिर होईपर्यंत बाहेर पडलेलं टाकून द्या. पीबीएस (फॉस्फेटयुक्त मिठाचं द्रावण) नको; त्यातलं मीठ भार झाकतं आणि कण वाढत जातात. ५ टक्के ग्लुकोज किंवा ट्रेहालोज (एक साखर) चालतं; पुढे गोठवून वाळवायचं असेल तर ट्रेहालोजच बरं. ०.२२ मायक्रॉनची गाळणी मिसळण्याआधी, दोन्ही द्रावणांना वेगवेगळी. नंतर गाळलं तर भारित कण पडद्यालाच चिकटू शकतात.

धारेच्या माऱ्याने प्लाझ्मिड (डीएनएचा गोल रेणू) तुटतं का, हे तपासता येतं. हेपरिन (पीईआयला धरून ठेवणारा ऋणभारित रेणू) घालून डीएनए सोडवा, मगच अगारोज जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर) चढवा. कण तसेच चढवले तर डीएनए जेलमधल्या नमुन्याच्या खाचेतच अडकून राहतो.

प्रथिनांना ही कृती जशीच्या तशी लावू नका. उदाहरणार्थ, इन्सुलिनला कायटोसान या धनभारित पॉलिमरशी जोडायचं असेल, तर कायटोसान आम्लात विरघळतं, आणि इन्सुलिनचा एकूण भार पीएच ५.३ च्या आसपास शून्य होतो. म्हणून दोन्ही धारांचे पीएच वेगळे ठेवा आणि मिसळल्यावरचा पीएच मोजूनच धारांचा दर ठरवा.