मायक्रोसेकंदांची शर्यत सर्वांच्या हिताची नाही

शेअर बाजाराची चर्चा निघाली की एक दावा हमखास पुढे केला जातो: संगणकांच्या अतिवेगवान सौद्यांमुळे बाजारात तरलता, म्हणजे हवे तेव्हा सहज खरेदी-विक्री करता येण्याची सोय, आली, छोट्या गुंतवणूकदाराचा खर्च घटला आणि हा वेग पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळत असल्याने त्यात अन्याय काहीच नाही.

खर्चाबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे. खरेदी आणि विक्रीच्या भावांतली तफावत कमी झाली. परंतु आपल्याकडे संगणकाच्या पडद्यावरचे व्यवहार 1994 मध्ये आणि अमेरिकेत डॉलरच्या अपूर्णांकांऐवजी सेंटमधले भाव 2001 मध्ये आले, म्हणजे त्या सुधारणेचा पाया मायक्रोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांच्या, चढाओढीआधीच घातला गेला होता.

तरलतेची कसोटी पडत्या बाजारात लागते. 6 मे 2010 रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक दिवसाच्या मध्यात जवळपास 1,000 अंकांनी खाली गेला आणि ॲक्सेंचर या बड्या कंपनीच्या शेअरचे काही सौदे चक्क एका सेंटला झाले, कारण भाव देणारे अनेक संगणक नेमके तेव्हाच बाजूला झाले होते.

समान संधीचा दावा तर मुळीच टिकत नाही. शिकागो ते न्यूयॉर्क हा संदेशांचा जाण्या-येण्याचा प्रवास सुमारे 3 मिलिसेकंदांनी (सेकंदाच्या हजाराव्या भागांनी) कमी व्हावा म्हणून 2010 मध्ये डोंगर फोडून नवी केबल टाकली गेली, आणि थोड्याच वर्षांत मायक्रोवेव्ह मनोऱ्यांनी तिलाही मागे टाकले. आपल्या राष्ट्रीय शेअर बाजारातही को-लोकेशन केंद्रात ब्रोकरांचे सर्व्हर बाजाराच्या यंत्रणेलगत होते. पण प्रत्येक सौद्याची माहिती एकापाठोपाठ एक पाठवली जात असल्याने, सकाळी आधी जोडणी करणाऱ्याला ती आधी मिळे. पैसे सगळ्यांनी भरले होते, तरी रांगेतली जागा सारखी नव्हती. बाजार नियामक सेबीने 2019 मध्ये बाजाराला सुमारे 625 कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. 2023 मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला, तरी पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल 100 कोटी रुपये भरण्यास सांगितलेच.

याहून मूलभूत गोष्ट अशी की कारखान्याचे उत्पादन किंवा कंपनीचे कर्ज मायक्रोसेकंदात बदलत नाही, त्यामुळे तेवढ्या वेगाने भाव ठरवून बचतदाराच्या पदरात काहीही पडत नाही. शिवाय पर्याय आपल्याच बाजारात रोज वापरला जातो: सकाळी 9 वाजता सुरू होणाऱ्या प्री-ओपन सत्रात ऑर्डरी काही मिनिटे जमवून एकाच भावाला जुळवल्या जातात आणि तो भाव ठरवताना कोणाची ऑर्डर क्षणभर आधी आली याला महत्त्व नसते. हीच पद्धत दिवसभर, अगदी सेकंदा-सेकंदाच्या टप्प्यांनी का होईना, राबवण्याचा विचार सेबीने गांभीर्याने करावा.