खाण्याचा सोडा, निळी छटा आणि तडकलेला लेप: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचे आक्षेप तीन. एचओ लेआउटवर, म्हणजे 1:87 प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेवर, नकली बर्फ कसा करायचा या लेखात मी खाण्याच्या सोड्यावर सरसकट फुली मारली, पण तुमच्या डायोरामावर, म्हणजे छोट्या देखाव्यावर, तो दोन वर्षं पांढराशुभ्र टिकलाय. बर्फाला निळी छटा द्यायला सांगणं हा नसता शहाणपणा, बर्फ पांढराच असतो. आणि बर्फाच्या लेपाचं प्रमाण वजनाने घ्यायचं की मापाने हे मी लिहिलंच नाही, त्यामुळे तुमचा लेप तडकला.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझीच आहे. प्रमाण मापाने होतं: 3 चमचे काचेचे मायक्रोबलून, 1 चमचा संगमरवराची बारीक पूड, 2 चमचे मॅट मीडियम (चित्रकलेतलं, चमक नसलेलं अ‍ॅक्रिलिक बंधक), 1 चमचा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग आणि पाणी थेंबाथेंबाने. मायक्रोबलून म्हणजे काचेचे अतिबारीक गोळे, आतून पोकळ. तेच वजनाने घेतले तर एवढा मोठा ढीग होतो की त्याला बांधून ठेवायला मीडियम पुरत नाही. लेप वाळताना आकसतो आणि भेगा पडतात. तुमचं नेमकं हेच झालं असणार. चमचा उलटा केल्यावर लेप घसरू नये, पण सुरीने पसरताना खरवडल्यासारखाही होऊ नये, इतपत घट्ट हवा. एका वेळी 3 मिमीपेक्षा जाड थर नको, आणि पुढचा थर 24 तासांनी. मिसळताना मास्क लावा. ही काचेची धूळ आहे, श्वासात जायला नको.

आता सोडा. तुमचा डायोरामा काचेच्या पेटीत आहे आणि त्यावर गाडी धावत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. तिथे तो टिकला यात नवल नाही, आणि ‘कुठेही वापरू नका’ हे माझं वाक्य जास्तच झालं. पण उघड्या, चालत्या लेआउटचं गणित वेगळं. सोडा पाण्यात विरघळतो: 20 अंश सेल्सिअसला 100 मिली पाण्यात जवळजवळ 10 ग्रॅम. त्यावर गोंदपाण्याचा फवारा मारला की वरचा थर आधी विरघळतो आणि वाळताना खडबडीत पापुद्रा होऊन बसतो. पांढरा पीव्हीए गोंद बहुधा किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे फवाऱ्यासोबत बारीक फेसही येतो आणि फुटलेल्या बुडबुड्यांचे खळगे राहतात. दमट हवेत हा क्षार ओल धरतो. निकेल सिल्व्हरच्या रुळांत नावाला चांदी, प्रत्यक्षात बहुतांश तांबंच असतं; ओला क्षार त्याला चिकटून राहिला की हिरवट डाग येऊ शकतात, आणि मग विजेचा संपर्क तुटक होऊन इंजिन अडखळतं. पीव्हीए काळानुसार पिवळा पडतो तो भाग वेगळाच. संगमरवराची पूड पाण्यात विरघळत नाही आणि मॅट मीडियम सहसा पिवळं पडत नाही, म्हणून ती जोडी.

मीठ आणि साखरेबद्दलही विचारलंय. साखरेला मुंग्या लागतील, मीठ धातू खाईल. शिवाय अर्ध्या मिमीचा मिठाचा दाणा 1:87 मध्ये 4 सेंमीहून मोठा ठरतो, म्हणजे बर्फ नाही, गारा! चमकीलाही हाच हिशेब लावून पाहा.

निळ्या छटेबद्दल मात्र मी माझ्या जागी ठाम आहे. ताजा बर्फ पांढरा असतो, कबूल. पण उघड्यावर त्याच्या सावलीत निळं आकाश उतरतं, आणि खोलीतल्या छताखाली ते आकाश नसतं. शुद्ध पांढरा थर दिव्याखाली सपाट, चुना फासल्यासारखा दिसतो. मोठा चमचाभर पांढऱ्या रंगात काडीच्या टोकावर मावेल एवढा निळा पुरे, आणि तोही फक्त खालच्या हातात, म्हणजे लेपाखाली आणि खोलगट जागी. वरून चाळलेली संगमरवराची भुकटी पांढरीच ठेवायची. निळा नुसत्या डोळ्यांना ओळखू आला तर जास्त झाला समजा. आणि लेआउटवर 2700 केल्विनचा पिवळट दिवा असेल तर रंगात हात घालण्याआधी दिवा बदला. 4000 ते 5000 केल्विनमध्ये निम्मी तक्रार मिटते.

तुमचा फोटो नीट पाहिला. सोड्यापेक्षा त्यात जास्त खटकतं ते हे की बर्फ सगळीकडे सारखा आहे. उतरत्या छपरावर, कुंपणाच्या खांबाच्या चारी बाजूंना, अगदी उभ्या कड्यावरसुद्धा. बर्फ वरून पडतो आणि वारा त्याला हलवतो. साधारण 60 अंशांहून उभ्या उतारावर तो फारसा ठरत नाही, तिथे खडक उघडा सोडा. खांबाच्या वाऱ्याकडच्या बाजूला खळगा आणि आडोशाला निमुळता ढीग. धुराड्याभोवती वितळलेलं कडं, त्याखालचं छप्पर ओलं म्हणून चकचकीत. हे साधायला मॅट मीडियम निम्म्या पाण्यात पातळ करून जिथे बर्फ हवा तिथेच ब्रशने लावा, आणि चहाच्या गाळणीतून 30 सेंमी उंचीवरून भुकटी चाळा. बाजूने फुंकून मारायची नाही. सूचिपर्णी झाडांना मीडियमचा हात फक्त फांद्यांच्या वरच्या अंगाला. खालचं अंग हिरवं राहिलं तरच झाड बर्फाने वाकल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूमच्या तोंडावर जुना पातळ मोजा ताणून बांधा आणि सुटी भुकटी ओढून घ्या. ती पुन्हा वापरता येते.

रुळांमधला बर्फ तुम्ही माथ्यापर्यंत भरलाय. डायोरामात चालेल, पण हाच तुकडा पुढे लेआउटला जोडायचा म्हणताय, म्हणून सांगतो. कोड 83 चा रूळ, म्हणजे 0.083 इंच उंचीचा, 2.1 मिमी उंच. चाकाची आतली कड, म्हणजे फ्लँज, माथ्याखाली बनावटीप्रमाणे 0.6 ते 1.2 मिमी उतरते. रुळाच्या आतल्या अंगाला माथ्यापासून 1.5 मिमी मोकळे सोडले की स्लीपरवर उरतो जेमतेम अर्धा मिमी. तेवढाच द्या, 1:87 ला तो चार-पाच सेंमी बर्फ होतो, खोटा दिसत नाही. जाडी हवी तर रुळाबाहेर, नांगराने ढकलल्यासारखा बांध करून. पॉइंटच्या, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्याच्या, हलत्या पात्यांपाशी लेप नाही, भुकटीही नाही. एक कण पात्यात अडकला तरी ते पूर्ण मिटत नाही आणि गाडी घसरते. खऱ्या रेल्वेतही पॉइंट तापवून मोकळे ठेवतात, तेव्हा तिथे ओली काळी खडी दाखवणं खोटं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, आहे तो सोडा काढायचा कसा. आधी कोरडाच: कडक ब्रशने सैल करून व्हॅक्यूम. उरलेला कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने टिपा. तो विरघळतो हा दोष इथे उपयोगी पडतो. कापूस दर वेळी नवा, नाहीतर क्षार नुसता पसरतो. गोंदाने धरलेल्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग लाकडी काडीने खरवडा; त्याआधी रंगावर कोपऱ्यात एक थेंब टाकून बघा. व्हिनेगर लावू नका, फेस गंमतशीर येतो पण प्लास्टर आणि रूळ दोन्ही खराब होतात. रूळ शेवटी अल्कोहोलनेच पुसा, आणि दोन दिवस पूर्ण वाळल्याशिवाय नवा लेप चढवू नका.